नीट मळवलेला रणगाडा

खंडेनवमीच्या सकाळी आमच्या वस्तीवर ट्रॅक्टर धुतला जायचा. विहिरीवरची मोटर चालू करून पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाण्याची अशी धार सुटायची की मडगार्डाखालची काळी माती ढेकळाढेकळांनी गळून पडायची. मग फडकं, हळदकुंकू, झेंडूची माळ, बॉनेटवर नारळ. वर्षभर शेणामातीत राबणारं यंत्र त्या एका दिवशी शोरूममधून आल्यासारखं दिसायचं, आणि आम्हा मुलांना तेच त्याचं खरं रूप वाटायचं. पुढे कॉलेजात असताना मी दोन रात्री जागून प्लॅस्टिकचा एक रणगाडा जोडला, हिरवा रंगवला, आणि तिसऱ्या दिवशी गेरू, काजळी आणि टर्पेंटाइन घेऊन त्याच्यापुढे बसलो. आईने विचारलं, "चांगला नवाकोरा दिसतोय, घाण कशाला करतोस?"

तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. या पुस्तकाची पुढची प्रकरणं लिहिताना तो प्रश्न सतत कानाशी होता, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच केलेली बरी.

या छंदातले लोक जगभर एकच शब्द वापरतात, वेदरिंग. आपणही तोच वापरतो, आणि या पुस्तकातही तो येईल. पण त्या एका शब्दाने नवशिक्यांचं बरंच नुकसान केलं आहे, असं माझं मत आहे. एक शब्द म्हणजे एक काम, असं वाटतं, आणि ते एका संध्याकाळी उरकायला माणूस बसतो. मराठीत या कामाला नाव नाही, ही अडचण नसून सोय आहे. आपल्याकडे वस्तू मळते, विटते, झिजते, गंजते, काळवंडते. तिच्या रंगाला पोपडे सुटतात, अंगावर ओघळ उतरतात, तेल झिरपून डाग पडतात, हात लागून लागून एखादी कड गुळगुळीत होते. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या कारणाने, वेगळ्या वेगाने आणि वेगळ्या जागी घडते. विटायला उन्हाळे लागतात. मळायला एक पाणंद पुरते. या क्रियापदांतला फरक ज्याच्या डोळ्यांत बसला, त्याचं अर्धं काम ब्रश हातात घ्यायच्या आधीच झालं.

लहान आकाराचं जग मातीतून उभं करायची सवय आपल्याला तशी नवी नाही. दिवाळीत अंगणात किल्ला करणारं प्रत्येक पोर हेच करत असतं. दगडविटा रचायच्या, वर चिखल थापायचा, अळीव पेरून चार दिवसांत गवत उगवायचं, गेरूने तटबंदी रंगवायची. तिथे मापाचा मुलाहिजा नसतो. सिंहासनावरचे महाराज बालेकिल्ल्याहून उंच आणि पायथ्याचा वाघ हत्तीएवढा. त्याने काही बिघडत नाही, कारण किल्ला मनाने पाहायचा असतो. रणगाड्याच्या मॉडेलमध्ये मात्र सगळा खेळ मापाचाच आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीने मोटर आणि बॅटरी आत मावेल अशा हिशेबाने आपला पँथर रणगाडा काढला आणि त्यातून १:३५ हे प्रमाण रूढ झालं. म्हणजे पावणेसहा फुटी माणूस पाच सेंटिमीटरचा. तोफेसकट जवळजवळ दहा मीटरचा सेंच्युरियन अठ्ठावीस सेंटिमीटरचा, शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा थोडा आखूड.

हे भागाकार सगळेच करतात, पण तिथेच थांबतात. मॉडेल आपण साधारण एक फुटावरून पाहतो. त्याला पस्तिसाने गुणा: आपण खऱ्या रणगाड्यापासून दहाएक मीटरवर उभे आहोत. आता सांगा, दहा मीटरवरून एक सेंटिमीटरचा रंगाचा टवका कितीसा दिसतो? मॉडेलवर तो ०.३ मिलिमीटरचा हवा, म्हणजे बारीक ब्रशच्या एका केसाने टेकवलेला ठिपका. बाजारातल्या सुंदर सुंदर मॉडेलांवर मी तीन-तीन मिलिमीटरचे टवके पाहिले आहेत. म्हणजे खऱ्या रणगाड्यावर तळहाताएवढे, आणि तेही प्रत्येक कडेला, रांगोळीच्या ठिपक्यांसारखे समान अंतरावर. तसा रणगाडा मी तरी कुठे पाहिला नाही.

आणि रणगाडे पाहायला मला लांब जावं लागत नाही. सरकारदरबारी २०२४ पासून आमच्या गावाचं नाव अहिल्यानगर झालं आहे, बोलताना जीभ अजून नगरवर जाते. या गावात चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, १९४८ पासून आहे. मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र इथेच, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळाही इथेच. आणि फेब्रुवारी १९९४ मध्ये, तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बी. सी. जोशी यांच्या हस्ते सुरू झालेलं कॅव्हलरी टँक म्युझियम. शिर्डी-शिंगणापूर करून परतणाऱ्या गाड्या तिथे तासभर थांबतात. रोल्स रॉईसच्या चिलखती गाडीपासून माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, शर्मन, जपानी हा-गो, फ्रेंच एएमएक्स-१३, पाकिस्तानकडून हाती आलेले पॅटन आणि शॅफी, चेन्नईजवळच्या आवडीला बनलेला विजयंता असे सगळे नांदुरकीखालच्या म्हाताऱ्यांसारखे निवांत बसलेले असतात.

मी तिथे किती वेळा गेलो याचा हिशेब नाही. वही घेऊन जायचो, डागांची चित्रं काढायचो. घरी येऊन ते जसेच्या तसे मॉडेलवर उतरवायचो. पाचसहा मॉडेलं अशी केल्यावर लक्षात आलं की मी रणगाडा रंगवतच नव्हतो. मी संग्रहालयातला रणगाडा रंगवत होतो.

उघड्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही जुन्या रणगाड्याची, मग तो नगरचा असो, इंग्लंडातला असो की एखाद्या चौकातल्या चौथऱ्यावरचा, झीज वेगळी असते. त्याच्यावर ऊन आणि पाऊस काम करतात. माणूस करत नाही. वरच्या पृष्ठभागांचा रंग उडून पिठूळ होतो, बोट फिरवलं तर बोटाला पांढरट लागतो. पाणी साचणाऱ्या खोबणींत गंज धरतो. पण दर काही वर्षांनी वरून रंगाचा हात फिरतो, त्यामुळे वेल्डिंगच्या रेषा भरून येतात. चौथऱ्यावरच्या रणगाड्यांचे पट्टे आणि चाकांचं रबरसुद्धा काळ्या रंगाने रंगवलेलं आढळतं. चालत्या रणगाड्याच्या पट्ट्यावर रंग दोन किलोमीटरही टिकणार नाही. संग्रहालय रणगाड्याचा आकार शिकवतं, बोल्ट कुठे आहेत ते शिकवतं, आणि त्यासाठी त्याला पर्याय नाही. झीज शिकायला मात्र दुसरे गुरू गाठावे लागतात.

माझा गुरू पोकलेन. चेनचा. विहिरीचं किंवा शेततळ्याचं काम काढलेल्या कुठल्याही रानात तो उभा असतो, त्याच्याजवळ जायला परवानगी लागत नाही आणि ऑपरेटरला चहा पाजला तर तो वर चढूनही देतो. त्याच्या पट्ट्याकडे नीट पाहा. जमिनीला टेकणारी कड चांदीसारखी लखलखते. रात्रभर दव पडलं की सकाळी तिच्यावर तांबूस साय धरते, आणि यंत्र शंभर पावलं चाललं की साय जाऊन पुन्हा लकाकी येते. पट्ट्याच्या खोलगट भागात मात्र माती ठासून बसलेली असते आणि ती निघत नाही. दात असलेलं चाक जिथे पट्ट्याला भिडतं तेवढीच जागा घासून चकचकीत, बाकीचं चाक मळकट. आता वर केबिनपाशी या. ऑपरेटर ज्या पायरीवर पाय देतो तिथला रंग गेलेला आहे, पण गंज नाही, कारण रोज बूट घासला जातो. दांडा जिथे हाताने धरतो तिथे रंग उडालेलाही नाही, फक्त तेलकट तुळतुळीत झालाय. डिझेलच्या टाकीच्या तोंडाखाली काळपट ओघळ, त्याला धूळ चिकटून जाडसर झालेला. यातला प्रत्येक डाग एक वाक्य आहे: इथून चढतात, इथे धरतात, इथे सांडतात.

रणगाड्याला हेच लावायचं. चार माणसं त्यावर राहतात. त्यांची चढाउतरायची वाट ठरलेली असते, बसायची जागा ठरलेली असते. टरेटवरच्या झाकणाची कड, पुढच्या मडगार्डाचा कोपरा, इंजिनाच्या डेकवरची ती जागा जिथे कुणीतरी डबा खायला बसतं. झीज या वाटांवर दाखवली की मॉडेलमध्ये माणसं न ठेवताही माणसं दिसायला लागतात.

मग यंत्राची स्वतःची रचना. टी-५५ या रणगाड्याचा सायलेन्सर डाव्या मडगार्डावर बाहेर पडतो. म्हणजे काजळी आणि तेलकट धूर डाव्या अंगाला, मागच्या बाजूला. उजवी बाजू त्या मानाने स्वच्छ. दोन्ही बाजूंना सारखी काजळी फासलेला टी-५५ पाहिला की मला मिशी दोन्ही गालांवर काढलेल्या सोंगाड्याची आठवण येते. सेंच्युरियनचे सायलेन्सर मागे दोन्ही मडगार्डांवर असतात आणि इंजिन पेट्रोलचं, तेव्हा तिथे हिशेब बदलला. डिझेलचा दाट काळा थर तिथे नको. सायलेन्सरचा पत्रा तापून तापून रंग जळून गेलेला आणि कोरड्या विटकरी गंजाने भरलेला हवा. रणगाड्यावर मनमुराद गंज दाखवायला हक्काची जागा म्हणाल तर ती एवढीच.

गंजाबद्दल मी जरा कडक आहे. लष्करात यंत्राची निगा हा रोजचा धडा असतो. चालू रेजिमेंटमधला रणगाडा धुळीने माखेल, चिखलाने भरेल, पण गंजून नारिंगी झाला तर त्याच्या चालकाला रात्र काढावी लागेल ती पॉलिश पेपर घेऊनच. आपण हौसेने गंज फासतो तेव्हा नकळत त्या चौघांना आळशी ठरवतो. शिवाय धातू कोणता ते आधी माहीत हवं. एम-११३ ही चिलखती गाडी ॲल्युमिनियमची आहे, तिच्या अंगावर तांबडा गंज येऊच शकत नाही, तरी तसं रंगवलेली मॉडेलं बक्षिसं घेऊन जातात. आमच्या नगरलाच १५४९ च्या सुमारास ओतलेली मुलूखमैदान तोफ विजापूरच्या बुरुजावर जाऊन बसली, साडेचारशेहून जास्त पावसाळे तिने खाल्ले, पण ती काशाची असल्यामुळे हिरवट-काळसर झाली, गंजली नाही. लोखंड, पोलाद, पितळ, रबर, कॅनव्हास, लाकूड, प्रत्येकाचं म्हातारपण निराळं असतं.

आणि हवा. याच जिल्ह्यात अकोले तालुक्याचा घाटाकडचा भाग पावसाने झोडपून निघतो आणि जामखेड-कर्जतकडे ढगांची वाट पाहत मान दुखते. भंडारदऱ्याच्या बाजूचं लोखंडी फाटक आणि नगरच्या माळावरचं फाटक, एकाच वर्षी बसवलेली, दहा वर्षांनी शेजारी ठेवून पाहावीत. पहिल्याचा रंग आतून फुगून पोपडे सुटलेले, दुसऱ्याचा उन्हाने विटलेला पण पत्र्याला धरून. वाळवंटातला रणगाडा रंगवायचा तर दुसरं फाटक डोळ्यांपुढे ठेवा.

मातीचं प्रकरण मी सर्वांत मोठं केलं आहे, त्याबद्दल क्षमा मागत नाही. मॉडेलवर धूळ म्हणून जो एकच पिवळट रंग जगभर फासला जातो, तो कुठल्या गावचा, हे कुणी विचारत नाही. नगर तालुक्याच्या माळावरचा मुरूम तांबूस-पिवळा, हलका, वाऱ्याने उडणारा. नेवासा-शेवगावकडची काळी माती ओली असताना जवळजवळ काळी, वाळली की राखाडी. ती उडत नाही, चिकटते. पावसाळ्यात तिच्यातून चालताना चपलेला जे जोडे तयार होतात, तेच पट्ट्यांना होतात. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरणजवळ असल उत्तरच्या लढाईत पाकिस्तानी पॅटन रणगाडे उसाच्या आणि पाणी सोडलेल्या शेतांत रुतले. तिथली माती नदीच्या गाळाची, करडी-तपकिरी. त्या पॅटनवर कोरडी पिवळी धूळ दाखवणं म्हणजे लढाईच्या निकालाचं एक मुख्य कारणच पुसून टाकणं.

खरी माती वापरावी का? वापरावी, पण भागाकार विसरू नये. वाळूचा एक मिलिमीटरचा कण १:३५ मध्ये साडेतीन सेंटिमीटरचा दगड होतो. म्हणून माती वाळवायची, कुटायची आणि सुंठीची पूड करतात तशी वस्त्रगाळ करायची, तीही जुन्या मलमलीतून दोनदा. तरीही ओली असताना ती आणखी गडद दिसणार आणि वाळल्यावर फिकी होणार, तेव्हा आधी भंगार तुकड्यावर लावून एक रात्र थांबा. माझ्या खोलीत आठ-दहा गावांची माती होमिओपॅथीच्या बाटल्यांत भरलेली आहे. पाहुणे त्याचा भलताच अर्थ काढतात.

साहित्याबद्दल इथे लांबण लावत नाही, त्याला वेगळं प्रकरण आहे. परदेशी बाटल्या उत्तम असतात आणि महाग असतात. तैलरंगाची बर्न्ट अंबरची एक ट्यूब, काळा-पांढरा, थोडं पिवळं, खडूरंग किसून केलेली भुकटी, पट्ट्यांच्या कडेला चोळायला पेन्सिलीचं शिसं आणि बायकोच्या नकळत घेतलेला हेअर स्प्रे, एवढ्यावर माझी पहिली दहा वर्षं गेली.

त्या हेअर स्प्रेची गंमत मात्र सांगायला हवी, कारण या सगळ्या कलेतला तोच क्षण मला अजून लहान मुलासारखा वाटतो. आधी रेडऑक्साइडच्या रंगाचा हात द्यायचा. तो पक्का वाळला की वर हेअर स्प्रेचे दोन पातळ थर. त्यावर ॲक्रेलिकचा हिरवा. अर्ध्या तासाने आखूड केसांचा ब्रश पाण्यात बुडवून, झटकून, कडेवर हलके हलके टेकवत राहायचं. काही क्षण काहीच होत नाही. मग हिरव्याखालचा स्प्रे विरघळतो, रंगाला बारीकशी सुरकुती पडते आणि तेवढा कण सुटून येतो. खालून लाल डोकावतो. त्या टवक्याचा आकार आपण ठरवलेला नसतो, म्हणूनच तो खरा वाटतो. आणि इथेच हात आवरायचा असतो. "अजून एक" म्हणत गेलं की वीस मिनिटांत रणगाड्याला देवी आल्यासारखं दिसायला लागतं.

हात न आवरण्याची किंमत मी मोजली आहे. माझा पहिला सेंच्युरियन तीन महिने खपून जोडला होता. खालच्या भागात मातीचा पातळ वॉश खोलवर उतरावा म्हणून रंग न दिलेल्या प्लॅस्टिकवरच टर्पेंटाइनमध्ये कालवलेला रंग मनसोक्त ओतला आणि झोपलो. सकाळी उचलला तर चाकांचे दांडे बिस्किटासारखे तुटून हातात आले. ताणाखाली असलेल्या कोऱ्या प्लॅस्टिकमध्ये पातळ द्रव शिरला की ते ठिसूळ होतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आधी रंग, मग वॉर्निश, मग वॉश, आणि तोही बोल्टच्या बुडाशी टेकवण्यापुरता. तो मोडका सेंच्युरियन मी अजून ठेवला आहे. नवीन तंत्र आधी त्याच्यावर करून पाहतो.

सेंच्युरियनवर माझा जीव असण्याचं कारण गावातच आहे. १९७१ च्या जूनमध्ये पूना हॉर्समध्ये दाखल झालेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल, जन्म पुण्याचा, नगरला तरुण अधिकाऱ्यांच्या अभ्यासक्रमाला आलेले असतानाच युद्धाची चाहूल लागली आणि ते रेजिमेंटकडे परतले. १६ डिसेंबरला बसंतर नदीपलीकडे शकरगडच्या भागात त्यांच्या सेंच्युरियनला तोफगोळा लागला. रणगाडा सोडून द्यायला सांगितलं असतानाही ते लढत राहिले आणि तिथेच पडले. वय एकवीस. परमवीर चक्र मिळालं. त्या रणगाड्याचं नाव 'फामागुस्ता'. युद्धानंतर तो दुरुस्त झाला आणि आता नगरलाच, चिलखती दलाच्या केंद्रात जतन केलेला आहे.

त्याचं मॉडेल करायचं ठरवलं तेव्हा प्रश्न पडला तो असा की कुठला फामागुस्ता? जतन केलेला, निगा राखलेला, रंग दिलेला? की त्या दिवसाचा, गोळा बसलेला, धुराने काळवंडलेला? पहिल्यात सांगण्यासारखं काही उरत नव्हतं. दुसरा मी करायला घेतला. टरेटला भोक पाडायला ड्रिल हातात घेतलं, भोकाच्या कडेचा फाटलेला धातू कसा दाखवायचा, आगीने रंग कसा पांढुरका होतो, हे सगळं तंत्र मला येत होतं आणि पुढे चौदाव्या प्रकरणात ते दिलंही आहे. पण ड्रिल फिरवायला हात धजेना. दोन आठवडे तो तसाच टेबलावर पडून होता.

शेवटी मी आदल्या संध्याकाळचा फामागुस्ता केला. हिरवा रंग विटलेला नाही, नुसता मंद झालेला. चाकांच्या खोबणीत आणि बाजूच्या पत्र्यांच्या खालच्या कडेला पंजाबातल्या डिसेंबरची करडी माती, निम्मी वाळलेली, निम्मी ओलसर. सायलेन्सर विटकरी. पेट्रोलच्या झाकणाखाली एक ओघळ. टरेटवरच्या झाकणाची कड हाताने तुळतुळीत झालेली, आणि पुढच्या मडगार्डावर, चालक जिथे पाय देऊन चढतो तिथे, धूळ पुसली जाऊन उमटलेला बुटाच्या पुढच्या भागाचा ठसा. मॉडेलवर तो तीन मिलिमीटरचा आहे. आईला दाखवला तेव्हा तिने चष्मा वर करून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "हा कुणाचा पाय?"